उन्हातल्या बाजूचा आकडा

९ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझ्या बायकोची पाठदुखी थांबली असेल अशी आशा. सहा वर्षं विचारलं नाही, म्हणून एकदमच विचारते.

मी इथे प्रशिक्षणाला आले आहे. लोखंडावरच्या संरक्षक रंगाच्या तपासनिसांची ही वरची परीक्षा. वर्गात संस्कृतची पदवी घेऊन या धंद्यात शिरलेली मी एकटीच. पोरं मला 'आजीबाई' न म्हणता 'मॅडम' म्हणतात, एवढी सभ्यता जगात अजून शिल्लक आहे.

शेडमध्ये सरावाचे पत्रे साखळ्यांना टांगलेले असतात. सकाळच्या धुक्यात ते इतके हळू हलतात की बघता बघता मी कुठे आहे तेच विसरते. जवळ जाऊन श्वास सोडला की पत्र्यावर वाफेचा ढग उमटतो आणि कडेकडेने विरतो. दवाला संस्कृतात तुषार, नीहार, अवश्याय अशी देखणी नावं. आमच्याकडे मात्र ते दिसलं की काम बंद. लोखंड दव धरण्याच्या तापमानापेक्षा तीन अंश तरी उबदार हवं, नाहीतर रंगाखाली पाणी अडकतं. आणि हे मी तुला सांगतेय!

परीक्षेत प्रत्येकाने आपण पाहिलेलं एक बिघडलेलं काम मांडायचं असतं. मी एका पुलाचं प्रकरण नीटनेटकं बांधून आणलं होतं. चूक अर्थातच दुसऱ्याची. पण तीन परीक्षकांपुढे उभी राहिले आणि तोंडातून पाण्याची टाकी निघाली. आपली टाकी.

झोपेत चालल्यासारखी सांगत गेले. रंगाऱ्यांचा मुकादम म्हणाला होता, "ताई, सावलीतली बाजू हाताला ओली लागतेय. दुपारपर्यंत थांबूया." मी सगळ्या टोळीसमोर म्हणाले, "हातानेच कळत असतं तर मला कशाला बोलावलं असतं, शहाण्या?" त्या बाजूला चिखल होता आणि माझे बूट नवे होते. मी उन्हातल्या बाजूचं तापमान मोजलं आणि तोच आकडा दोन्ही बाजूंपुढे लिहिला. वर्षाच्या आत सावलीतला रंग पापुद्र्यांनी सुटला. अहवालात कारण आलं, रंगाऱ्यांचा हलगर्जीपणा. तेही माझ्याच अक्षरात.

मधल्या परीक्षकबाईंनी विचारलं, "मुकादमाचं पुढे काय झालं?"

"काम गेलं. टोळी फुटली. आता दुकानांची दारं रंगवतो."

"संपर्क आहे तुमचा?"

"भाऊ आहे माझा."



नवं प्रमाणपत्र त्यांनी अडवलं आहे, ते योग्यच. टाकीच्या मालकांना मी दुरुस्त अहवाल पाठवला. प्रत सोबत आहे. पण मुकादमाचा लेखी जबाब आल्याशिवाय ते तुझ्यावरचा ठपका काढणार नाहीत. आणि तो आला की माझं जुनं प्रमाणपत्रही बहुधा जाईल. मी सगळं विचारून घेतलं आहे, तेव्हा तू हिशेब करत बसू नकोस.

जबाब लिही. मी जे बोलले ते लिही, सगळ्यांसमोर बोलले हेही लिही. मला सांभाळून घेऊ नकोस. आईने शेवटपर्यंत तुलाच बेफिकीर म्हटलं, आणि तू तिला खरं कारण सांगितलं नाहीस. तेवढं सांभाळणं मला जन्माला पुरेल.

तुझ्या जबाबाची, आणि जमल्यास सोबत दोन शिव्यांची वाट पाहणारी,

तुझी चुकलेली
ताई