तळ्याची गाडी

अहो,

आंघोळ आटोपली की डबा घ्या, गुडघ्याचं मलमही घ्या. मी तळ्याच्या, त्या तुमच्या गडाच्या गावाच्या, एसटीसाठी पुढे गेलेय. काल बाजारात तिचा कंडक्टर भेटला. म्हणाला, "सर दर मंगळवारी येतात, पण तळ्याला उतरतच नाहीत. त्याच गाडीनं परत!" मग वर्षभर 'चढून आलो' म्हणून मला सांगितलात तो गड, ती पायवाट, ती करवंदं? आणि तुमच्या बुटांचा चिखल मी धुते, तो काय आपल्याच वाडीतला? कालपासून माझा नुसता गोंधळ उडालाय.

गाडी उशिरा येणारच, तोवर स्टँडवर या. खिडकीची जागा धरते. भांडणार नाही. तो गड खिडकीतून दिसतो का, तेवढं मात्र दाखवा.

सुचित्रा