सिंगल की ड्युअल?

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून लगेच कपाळाला आठी घालू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे, आजारी आहे ती गाडी. बंद करताना खालून कुणी लाथ घातल्यासारखी दणकते आणि क्लच दाबला की तळपायाला मुंग्या येतात. कोपऱ्यावरचा मिस्त्री गाडीखाली सरपटत गेला आणि फ्लायव्हील गेलं म्हणून सांगत बाहेर आला. आता नवं ड्युअल-मास बसवू की सिंगल-मास, असं तो मला विचारतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. माझ्या भावाने पस्तीस वर्षं गिअरबॉक्स उघडले आहेत, त्याला विचारून सांगते म्हटलं, तर म्हणतो, मग लावा की फोन. तुझे कान वर्कशॉपने खाल्ले आणि तू मोबाइल कपाटात टाकलास, हे त्याला कुठे सांगत बसू? पत्र लिहिते म्हटल्यावर त्याने गाडी भिंतीकडेला सरकवली आणि दुसरं काम घेतलं.

ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, तरी गाडीत बसले की मी शेजारच्या सीटशी बोलते. हे आवडलं नाही तर म्हातारी झाले समज. सध्या गाडी नाही, म्हणून तेही बंद. काल दिवसभरात मी फक्त दूधवाल्याशी बोलले, तेही उद्या अर्धा लिटरच दे, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी तू चार दिवसांसाठी आलास आणि दुसऱ्याच दिवशी, घराला कुलूप नीट लागलं नाही म्हणून परत गेलास. एव्हाना ते नीट लागलं असेल. ये ना.

तुझी माया आहे ती तशीच असू दे.

तुझी,
बडबडी


१३ मार्च

चि. बडबडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ड्युअल-मासच बसव. पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल, पण तू विचारल्याशिवाय राहणार नाहीस म्हणून लिहितो.

फ्लायव्हील म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं जड चाक. ड्युअल-मास म्हणजे त्याच्या दोन जड चकत्या आणि मध्ये स्प्रिंगा. इंजिन सतत हिसके देत असतं. ते सगळे त्या स्प्रिंगा गिळतात आणि गाडीत बसलेल्याला पत्ता लागत नाही. सिंगल-मास म्हणजे एकच सलग लोखंड. टिकायला दणकट, पण इंजिनाची प्रत्येक थरथर जशीच्या तशी पुढे पाठवतं. गाडी न्यूट्रलला उभी असली की गिअरबॉक्स दात वाजवत बसतो. तुझी गाडी ज्या चाकासाठी बनवली आहे तेच तिला दे. मिस्त्री सिंगलचा आग्रह धरू लागला तर हे पत्र त्याच्या हातात ठेव.

आधी एक खात्री करून घे. इंजिन चालू कर, गाडी न्यूट्रलला ठेव आणि तळहात गिअरच्या दांड्यावर टेकव. मग क्लच सावकाश दाब आणि सोड. हाताला काय लागतं ते बघ. कान काय, कुणालाही फसवतात.

माझं बरं चाललं आहे. चहाचं पाणी उकळलं की नाही ते मी पातेल्याच्या दांडीला हात लावून ओळखतो. परवा कुणीतरी बराच वेळ बेल वाजवून निघून गेलं, असं समोरच्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. कोण होतं ते त्यांनाही माहीत नाही. मी दिवसभर त्याचाच विचार करत होतो. येण्याचं पुढे बघू, इकडे कामं आहेत.

स्वतःला जप. आठवण ठेवतेस, आणखी काय हवं!

तुझा,
दादा


२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. गाडीला सिंगल-मास बसवलं. आता रागावण्याआधी पुढचं वाच.

तू सांगितलंस तसा तळहात दांड्यावर टेकवला आणि डोळे मिटले. बिघडलेलं ते चाक हाताखाली नुसतं थडथडत होतं. मग मला हीच गाडी नवी होती तेव्हाचं आठवलं. तेव्हा दांड्याला हात लावला तर काहीच लागायचं नाही. आणि एकदम तो सिग्नल आठवला.

दोन वर्षांपूर्वी तू आलास त्या दिवशी गाडी तू चालवत होतास. सिग्नलला थांबलो. इंजिन चालू होतं, पण तुला ते बंद पडलं असं वाटलं आणि तू किल्ली फिरवलीस. केवढी किंचाळली गाडी. तू पुन्हा फिरवलीस. मागचे लोक माना काढून बघायला लागले आणि मी हसत सुटले, दादा. गिअरबॉक्सच्या डॉक्टरलाच नाडी सापडेना, असंही काहीतरी बोलले. तू खाली उतरलास, किल्ली माझ्या हातात दिलीस आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसलास. दुसऱ्या दिवशी ते कुलपाचं निमित्त निघालं. त्या कुलपावर मी दोन वर्षं विश्वास ठेवला. माझ्याइतकी मूर्ख बाई शोधून सापडायची नाही.

मिस्त्रीला तुझं पत्र दाखवलं. भाऊ अगदी बरोबर सांगतो म्हणाला. मी म्हटलं, बरोबरच सांगतो, पण तू सिंगल बसव. त्याने मला दोनदा बोलून दाखवायला लावलं, म्हणजे नंतर भांडायला नको.

आता गाडी उभी असली की आरसा थरथरतो, सीट थरथरते आणि गिअरचा दांडा हातात धरला तर कोपरापर्यंत कळतं. वरच्या मजल्यावरच्या बाई खिडकीतून वाकून बघतात. मला गाडी अशी मुळीच आवडत नाही. माझ्यासाठी बसवलेलं नाही.

मी हसले ते चुकलं. माफ कर. शेजारच्या सीटशी बोलून बोलून मी कंटाळले आहे.

रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
बडबडी


११ एप्रिल

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

एका चांगल्या गाडीचं तू वाटोळं केलंस. सिंगल-मास घातल्यावर क्लचप्लेट स्प्रिंगवाली लागते, ती मिस्त्रीने घातली का ते विचार. घातली नसेल तर गिअरबॉक्स वर्षभरात हातात येईल.

कुलूप नीटच लागलं होतं.

तू हसलीस ते मला ऐकू आलं नव्हतं, पण दिसलं होतं. त्याचा राग नव्हता. ज्या हातांनी जन्मभर इंजिनं ओळखली त्यांना समोरचं चालू इंजिन कळू नये, ह्याची लाज वाटली. घरी येऊन लायसन्स मोबाइलशेजारी कपाटात ठेवलं आणि आता आपलं झालं असं स्वतःला सांगितलं. तेव्हापासून ह्या घरात मी पातेल्याच्या दांड्या धरत बसलो आहे. तुझं पत्र वाचून झाल्यावर बराच वेळ तळहात टेबलावर टेकवून बसलो होतो. टेबल काय बोलणार!

लायसन्स काढून बघितलं. अजून तीन वर्षं चालेल.

रविवारी अकराच्या बसने येतो. स्टॉपवर गाडी घेऊन ये. मी दिसलो की तू शेजारच्या सीटवर सरक. इंजिन बंद करू नकोस.

बाकीचं तू बोल, मी बघतो.

तुझा,
दादा