चाप ओढला नव्हता

१९ ऑक्टो., रवि.

इरा ठीक आहे. आधी हे लिहून ठेवते. नडगीवर खरचटलंय, खडा उडून लागला, जीन्स फाटली. बाकी काही नाही. ठीक आहे.

आमच्या शेजारी डेलच्या शेतावर, गोठ्यामागे. हरणांच्या शिकारीचा सीझन थँक्सगिव्हिंगनंतर सुरू होतो, त्याआधी नेम तपासायला गेलो होतो, दरवर्षीसारखे. नेम बरा होता. डेल म्हणाला, पुरे, रिकामी कर. या जुन्या बंदुकीत सेफ्टीची कळ लावलेली असली की बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, उघडत नाही, म्हणजे काडतूस काढायला आधी सेफ्टी काढावीच लागते. इरा पिकअपच्या मागच्या फळीवर बसली होती, फोनवर. मी नळी जमिनीकडे केली, अंगठ्याने सेफ्टी पुढे ढकलली आणि गोळी सुटली.

बोट चापावर नव्हतं. बाहेर, लाकडावर सरळ होतं. नव्हतं.

गोळी खडीत घुसली, पिकअपच्या चाकापासून हातभर. नळी थोडी वर असती तर... नको.

डेलने बंदूक माझ्याकडून काढून घेतली. इराचा पाय धुतला, पट्टी लावली. आम्ही निघताना म्हणाला, "बोट लागतं, अनघा. कधी ना कधी सगळ्यांचंच लागतं."

२० ऑक्टो., सोम.

मंदार ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. "ती वस्तू आपल्या घरात येणार नाही," एवढंच. ती डेलच्याच तिजोरीत असते, हे त्याला माहीत आहे.

इराला शाळेत सोडताना गाडीत तिने विचारलं, "आई, डिड यू टच इट?"

"नाही."

"ओके."

त्या ओकेवरून मला कळेना, तिने विश्वास ठेवला की मला सोडून दिलं. सतरा वर्षांची आहे. मला सोडून देण्याचं वय झालंय तिचं.

२३ ऑक्टो., गुरु.

लॅबमध्ये दिवसभर उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे बघत होते. पिपेट धरताना, माऊस धरताना. दुपारी टाइप करताना एक अक्षर दोनदा पडलं. एवढ्यावरून ती ओळ तीनदा टाइप करून बघितली.

बाबांच्या हाताचा कंप असाच सुरू झाला होता. शर्टाची बटणं. मग पेन. नागपूरला फोन केला की आई म्हणायची, "अगं, थंडी आहे म्हणून," आणि मार्च संपला तरी थंडीच होती.

जर बंदुकीचा दोष नसेल, तर बोटाचा आहे. तिसरं काही नाही.

हे मंदारला सांगितलेलं नाही.

२६ ऑक्टो., रवि.

डेलकडे. बंदूक रिकामी, दोघांनी तपासली. सेफ्टी लावून चाप ओढायचा, सोडायचा, मग सेफ्टी काढायची. चांगल्या बंदुकीत काही व्हायला नको. काही झालं नाही. पुन्हा केलं. दस्ता जमिनीवर हलकेच आपटून केलं. अंगठा दुखेपर्यंत केलं.

काही नाही.

डेल स्टुलावर बसून बघत होता. मला वाटत होतं की एकदा, फक्त एकदा टक् असा आवाज यावा. माझ्या हातातली बंदूक बिघडलेली निघावी अशी इच्छा करत होते. केवढी विचित्र इच्छा.

१ नोव्हें., शनि.

बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेलो. डोंगरापलीकडे, घराच्याच गॅरेजमध्ये दुकान. माणूस माझ्याच वयाचा, सर्दी झालेली, सारखा नाक पुसत होता. त्याने कागदावर चित्र काढून दाखवलं. कारखान्यातून येणाऱ्या या जुन्या चापात एक बारीकसा सुटा तुकडा असतो, तो चाप सोडल्यावर मागे यायला हवा. घाण साचली, तेल घट्ट झालं, थंडीने आखडला, तर येत नाही. मग आतली पिन नुसत्या सेफ्टीवर टेकून राहते. सेफ्टी काढली की सुटते. चाप ओढायची गरजच नाही.

"म्हणजे हे होऊ शकतं?" मी विचारलं.

"होऊ शकतं. तुमच्या बाबतीत झालं का, ते मी बघितल्याशिवाय नाही सांगणार."

ठेवून आलो. परतताना डेल आणि मी रेडिओ ऐकत होतो, म्हणजे ऐकण्याचं नाटक करत होतो.

५ नोव्हें., बुध.

त्याचा फोन. मीटिंग सोडून कॉरिडॉरमध्ये आले.

सगळं करून बघितलं, फ्रीझरमध्ये ठेवूनसुद्धा. एकदाही झालं नाही. तेल जुनं आहे, पण चिकटलेलं नाही. चापाच्या स्क्रूवरचं सील मात्र फुटलेलं, कुणीतरी चाप हलका करून घेतलाय. इतका हलका चाप नुसता हात लागला तरी सुटतो, म्हणाला. मग नाक ओढलं. "तुमचं बोट होतं असं मी म्हणत नाही हं, मॅम."

म्हणालाच की.

तरी बदला म्हणाला. तीन मार्ग. कंपनीकडे पाठवायची, ते नवा चाप बसवून देतात, पण सीझन निघून जाईल. किंवा दुसऱ्यांनी बनवलेला चाप बसवायचा, त्यात तो सुटा तुकडाच नसतो. किंवा त्यातलाच दोन टप्प्यांचा. थोडा ओढला की अडतो, तिथून पुढे जाणूनबुजून जोर लावावा लागतो.

दोन टप्प्यांचा सांगितला. जड ठेवा म्हटलं. जितका जड होईल तितका.

९ नोव्हें., रवि.

डेलला डबा द्यायला गेले. त्याला माझा खिमा आवडतो. मसाला आयसेलिनच्या देशी दुकानातून आणलेला, इथे मिळत नाही. तो पोर्चवर होता. बस म्हणाला.

ही बंदूक त्याच्या भावाची, रेची. रे वारल्यावर डेलने मला दिली. ते मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

पुष्कळ वर्षांपूर्वी शिकारीच्या कॅम्पमध्ये रेने ही बंदूक रिकामी करताना छताला भोक पाडलं होतं. रे शपथ घेऊन सांगत होता की बोट चापावर नव्हतं. सगळे हसले. त्याला टोपणनाव पडलं, पाऊस पाडणारा. दर सीझनला कुणीतरी त्याच्या बिछान्यावर बादली ठेवायचं.

"कोण ठेवायचं?"

"मी ठेवायचो," डेल म्हणाला.

मग रे कॅम्पवर यायचा बंद झाला. कामं आहेत म्हणायचा. शेवटपर्यंत कामंच होती.

डबा गार होतोय म्हटलं. हे काय बोलले मी.

घरी येताना आधी हलकं वाटलं. मग आठवलं, चाप हलका कुणी केला असेल? रेनेच ना. मग रेचंही बोट असू शकतं. माझंही.

१५ नोव्हें., शनि.

डेल सकाळीच दारात. मंदारने कॉफी दिली. डेल बसला नाही, उभाच राहिला.

बंदूक त्याने गुरुवारी दुकानातून घरी आणली होती, म्हणे. नवा चाप यायला वेळ होता. काल गोठ्यात गार पडलेली असताना रिकामी बंदूक घेतली, सेफ्टी काढली. टक्. चापाला हात नाही.

"पुन्हा केली, पुन्हा टक्. बंदूकच, अनघा. तू नव्हतीस." मग मंदारकडे बघून तेच पुन्हा. "ती नव्हती."

मी कोट घातला. चल, दाखव.

तो खाली बघत म्हणाला, जुना चाप काढला. हातोड्याने ठेचला आणि ओढ्यात फेकून दिला. पुन्हा कुणाच्या हाती लागायला नको म्हणून.

तो गेल्यावर मंदारने माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "बघ. उगाच जीव टांगणीला लावून घेतलास."

मी हो म्हटलं.

डेल खोटं बोलत नाही. पण रेच्या वेळी जे बोलायचं राहिलं ते आज मला बोलून गेला असेल तर? ठेचायचं कशाला? ज्या वस्तूने मी खरी ठरले असते ती कुणी ठेचतं का?

विचारता येत नाही. विचारलं तर तो पुन्हा हो म्हणेल, आणि त्याला दुसऱ्यांदा म्हणायला लावलं असं होईल.

२२ नोव्हें., शनि.

नवा चाप बसला. गोठ्यामागे तपासला. पहिला टप्पा, अडतो, मग जोर. स्वच्छ सुटतो. सेफ्टी लावूनही आता बोल्ट उघडतो, भरलेली बंदूक रिकामी करताना सेफ्टी काढायला नको.

तरी प्रत्येक वेळी सेफ्टीवर अंगठा ठेवला की दोन्ही कान गरम. डेलने बघितलं.

इरा आली नव्हती.

न्यूरॉलॉजीची अपॉइंटमेंट घेतली. जानेवारीतली मिळाली. मंदारला म्हटलं, मानेसाठी.

२७ नोव्हें., गुरु. थँक्सगिव्हिंग

डेल जेवायला होता. टर्की, आणि माझा मसालेभात. जेवणं झाल्यावर इरा भांडी पुसत सहज म्हणाली, "आय'म कमिंग ऑन सॅटरडे."

मंदारच्या हातातली वाटी तशीच राहिली. "काही गरज नाही."

"बाबा, डेल सेड इट वॉज द गन."

सगळे डेलकडे बघायला लागलो. तो पम्पकिन-पायचा तुकडा कापत होता. फार काळजीपूर्वक कापत होता. "होय, बंदूकच होती," म्हणाला.

मी म्हणायला हवं होतं की नको येऊस. पण तिच्या चेहऱ्यावर तो गाडीतला ओके नव्हता. किती दिवसांनी. मी तिला पुसायला पुढचं ताट दिलं.

२९ नोव्हें., शनि.

सीझनचा पहिला दिवस. जाऊन आलो. दोघी धड आहोत.

ओकच्या झाडांच्या रांगेपाशी बसलो होतो, इरा माझ्या उजवीकडे, थोडी मागे. मीच तिथे बसवलं होतं. नळी कुठेही वळली तरी तिच्याकडे वळणार नाही अशी जागा. थंडी इतकी की नाकातून येणारा श्वास टोचत होता.

उजाडल्यावर हरणाची मादी आली. एकटी, आडवी उभी, मोकळी. यापेक्षा सोपा नेम मिळत नाही. बंदूक खांद्याला लावली. अंगठा सेफ्टीवर. बोट लाकडावर, सरळ. बोटाकडे बघितलं. हरणाकडे बघायचं सोडून बोटाकडेच बघत राहिले. हलत होतं. थंडीने असेल. आईचं वाक्य आपोआप तोंडात आलं, थंडी आहे म्हणून.

सेफ्टी काढली नाही. हरीण मान खाली घालून निघून गेलं.

इराला वाटलं मी मुद्दाम सोडलं. "इट्स ओके, आई." मग बऱ्याच वेळाने, कुजबुजत, "मी धरू?"

तिने हातमोजा काढून हात पुढे केला होता. शिकारीचा परवाना तिचाही आहे, कोर्स तिनेही केलाय. नेम तिचा माझ्यापेक्षा चांगला.

माझ्या हातात राहू देऊ की तिच्या हातात देऊ? दोन्हींत भीती आहे. कुठली मोठी, ते ठरवता येईना. नुसती बसून राहिले, बंदूक मांडीवर धरून. तिनेही हात मागे घेतला नाही. मग लांबून डेलची शिट्टी आली, कॉफीला बोलावणारी.

सोमवारी शाळेला शिकारीच्या सीझनची सुट्टी आहे. ती पुन्हा जाऊ म्हणते. मी अजून हो की नाही, ठरवलेलं नाही.