डावीकडून कापलेला फोटो

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा नवे चित्रकार आणि छायाचित्रकार शोधून लोकांपुढे आणण्याचा, हे मृत्युपत्र कोणी भरीस घातले म्हणून नव्हे तर स्वतःहून करत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मन ठिकाणावर नाही, पण त्याला दाखला लागत नाही असे वकीलबाई म्हणाल्या. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत खोटे काही नव्हते, फक्त एक गोष्ट लिहायची मी टाळली होती.

१. राहते घर आणि तळमजल्यावरचे कलादालन मुलीला. दालन चालवावे की बंद करावे, तिने ठरवावे. "बाबा, तुमच्यासारखी नजर मला नाही," असे ती म्हणते. नाही तेच बरे.

२. बक्षीस मिळालेली तीन पायांची खुर्ची जावईबापूंना. ती बसायची नसून बघायची आहे, हे त्यांना दोनदा पडूनही पटलेले नाही.

३. माझ्या कलामासिकाचे सर्व अंक कलामहाविद्यालयाच्या ग्रंथालयाला. एकोणीस वर्षे मी त्यात दर महिन्याला एक नवा कलावंत शोधून दिला. भंगारातल्या पत्र्याचे दिवे करणारी नर्स, बसस्टॉपवरची रिकामी बाकडी रंगवणारा पोस्टमन. यातले निम्मे तरी खरोखर चांगले निघाले, तेवढे माझ्या पदरात टाकावे.

४. मला "चित्रातले ओ की ठो कळत नाही" असे छापणाऱ्या समीक्षकाला माझे भिंग द्यावे. आधीच्या मृत्युपत्रात ते टोमणा म्हणून दिले होते. आता मुकाट्याने देतो.

५. आता मुख्य गोष्ट. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, पासपोर्ट आणि ओळखपत्रांच्या फोटोंचा. वडिलांचे गुडघे गेले तेव्हा थोरली बहीण शाळा सोडून कॅमेऱ्यामागे उभी राहिली आणि मी पुढे कला शिकायला गेलो. ताईला एक खोड होती. गिऱ्हाइकाचा फोटो काढून झाला की ती म्हणायची, "झालं, उठा आता." माणूस हुश्श करायचा, खांदे सैल सोडायचा, चेहऱ्यावर त्याचा स्वतःचा चेहरा परत यायचा. नेमके तेव्हा ताई आणखी एकदा बटण दाबायची. "फिल्म काय झाडाला लागते का?" म्हणून वडील ओरडायचे. हे जादा फोटो कोणाला द्यायचे नसत. त्यांच्या निगेटिव्ह ती बिस्किटांच्या डब्यांत ठेवायची.

स्टुडिओ विकला तेव्हा आवराआवर मी केली. निगेटिव्ह खिडकीशी धरून पाहिल्या. मी महागडे कॅमेरे घेऊन दहा वर्षे डोंगरदऱ्या पालथ्या घातल्या होत्या, पण माझ्या एकाही फोटोत जीव नव्हता. इथे भाजीवाली, कारकून, नवी नवरी, सगळे जिवंत. मला आनंद व्हायला हवा होता. माझा जळफळाट झाला.

त्यातले चाळीस फोटो मोठे करून मी प्रदर्शन भरवले. प्रत्येकाखाली 'छायाचित्रकार अज्ञात' अशी पाटी लावली. डबे जुन्या बाजारात सापडले म्हणून ठोकून दिले. अज्ञात म्हटल्यावर लोकांची झुंबड उडाली. एका अभ्यासकाने तर हे काम निवृत्त सैनिकाचे असल्याचे सिद्ध केले, आणि मी मान डोलावली. त्या दिवसापासून लोक मला 'पारखी' म्हणू लागले.

एका फोटोची मात्र अडचण होती. गिऱ्हाइकांना केस विंचरायला मागच्या भिंतीवर एका कडेला आरसा असे. म्हाताऱ्या शिंप्याच्या फोटोत त्या आरशात ताई स्पष्ट दिसत होती, कॅमेऱ्यावर वाकलेली, ओठ दाबून हसू आवरणारी. तो फोटो मी डावीकडून चार बोटे कापला. ही माझी चूक.

ताई प्रदर्शनाला आली होती. त्या फोटोपुढे बराच वेळ थांबली.

"डावीकडनं कापलास का रे?"

"फ्रेममध्ये बसत नव्हता," मी म्हणालो.

"हं. शिंपी छान आलाय," ती म्हणाली आणि चहा घ्यायला गेली.

याला एकतीस वर्षे झाली. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. मला साखर चालत नाही म्हणून अजून माझा चहा वेगळा ठेवते. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर मी सुटलो असतो. मला लाज वाटते, आणि तिच्या घरी बसलो की सर्वांत जास्त वाटते.

६. निगेटिव्हचे नऊ डबे मी कोणालाही देत नाही, कारण ते माझे नाहीत. आज सकाळीच ते ताईकडे पोचते केले. ते चाळीस फोटो अजून दालनात लावलेले आहेत; त्यांच्या चाळीसही पाट्यांवर तिचे नाव घालायचे काम मुलीने सुरू केले आहे. शिंप्याचा फोटो पुन्हा, पूर्ण छापावा.

७. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी आहे. मेल्यावर कबुली द्यावी म्हणजे तिच्या तोंडाकडे बघायला नको, असा माझा बेत होता. तो सोडला. दुसरी साक्षीदार म्हणून तिलाच बोलावले आहे. "ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याची साक्ष घेऊ नये," असे वकीलबाईंनी बजावले. "तिला मी काहीच देत नाहीये," असे मी सांगितले. सह्यांपूर्वी वकीलबाई हा कागद तिला मोठ्याने वाचून दाखवतील. माझ्याच्याने ते होणार नाही.

ठिकाण : राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक : ९ मार्च

मृत्युपत्र करणारा : (सही)

साक्षीदार पहिला : शेजारचे दातांचे डॉक्टर (सही)

खाडाखोडीची नोंद, माझ्या हातची : वाचून झाल्यावर दुसरी साक्षीदार म्हणाली, "चूक कसली? लबाडी लिही. मग सही करते." त्याप्रमाणे कलम पाचमधील 'चूक' या शब्दाच्या जागी 'लबाडी' असे वाचावे. बदल मला मान्य आहे. (सही)

साक्षीदार दुसरी : थोरली बहीण, वय ७९, धंदा फोटोग्राफर (सही)