आज कोण रडलं?

॥ श्री ॥

राजूर, ता. अकोले
१२ डिसेंबर २०२४

चि. ज्ञानेश्वर यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. थंडी मरणाची पडली आहे. आप्पांचा खोकला आहे तसाच आहे, पण आवाज अजून वर्गात चालेल असा खणखणीत. तुझा फोन लागला तर तू गाडी चालवत असतोस, गाडी चालवत नसलास तर मीटिंगमध्ये असतोस. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. पत्राला कोणी कट करत नाही.

तुझ्या मित्रानं, ओंकारनं काढलेलं पुस्तक मिळालं. तू पाठवलं नाहीस, माझ्या शाळेतल्या बाईंनी संगमनेरहून आणलं. 'घोंगडीबहाद्दरच्या नव्या कथा'. बारा लेखकांच्या बारा कथा आणि चित्र एकही नाही. आप्पांनी पुस्तक पुढून मागून चाळलं आणि म्हणाले, नुसतीच अक्षरं हायेत, मंग त्यो दिसायचा कसा? वीस वर्षं दर आठवड्याला त्याला साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर काढला त्यांनी. घोंगडी डोक्यावरून घेतलेला, कायम पाठमोरा, कधी एक शब्द न बोलणारा. आता बाराजणांनी मिळून त्याला बोलका केलाय. एका कथेत तर तो सलग चार पानं बोलतो. आप्पा म्हणाले, दात आले वाटतं त्याला.

पण भिंग घेऊन त्यांनी सगळं पुस्तक वाचलं. मला वाटलं होतं, चिडतील. तीन वर्षांपूर्वी तू परवानगी मागायला आला होतास तेव्हा 'म्या हाय तवर त्याला दुसऱ्याच्या हातात देनार न्हाई' म्हणाले होते आणि तू न जेवता परत गेलास. त्यानंतर आलाच नाहीस. तर आता पुस्तक निघालं कसं, असं मी विचारलं. म्हणाले, निघालं न्हवं, जन्मलेलं पोर पोटात परत जात असतंय का.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. पहिल्या पानावर छापलंय, 'कै. भिमाजी आवारी यांच्या स्मृतीस'. मी त्या ओळीवर अंगठा ठेवून पुस्तक त्यांच्यापुढे धरलं होतं, पण त्यांनी अंगठा काढायला लावला. वाचलं आणि इतके हसले की शेजारची केशरबाई काय झालं म्हणून हातातलं पीठ तसंच घेऊन आली. तिला म्हणाले, "बाई, म्या वारलोय. पुस्तकात आलंय."

शाळेतल्या बाईंनी मला वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही घातलंय. तो शिर्डीचा जालिंदर म्हणून एकजण चालवतो, मंदिराजवळ त्याचं फुलांचं दुकान आहे. तिथे रोज भांडणं चालू असतात. एका कथेत बहाद्दरची घोंगडी वाऱ्यानं उडते आणि त्याचा चेहरा दिसतो. त्यावरून पारनेरच्या एका वाचकानं पुस्तकच परत पाठवलं. लिहितो, हा आमचा बहाद्दर नव्हे, त्याची घोंगडी चोरून पांघरलेला भलताच कोणीतरी आहे. श्रीरामपूरची एक बाई म्हणते, भांडू नका, माझी मुलगी पहिल्यांदा मराठी पुस्तक हातात घेऊन झोपली. आणि भांडून दमले की सगळे आप्पांची आठवण काढतात. मास्तर गेले, आपण पोरके झालो, जिवंतपणी त्यांना कोणी विचारलं नाही. मी हे सगळं आप्पांना वाचून दाखवते. रोज संध्याकाळी खुर्ची ओढून बसतात आणि विचारतात, "आज कोन रडलं?"

तीस वर्षांत त्यांना कुणाचं पत्र नाही. साप्ताहिक बंद पडलं आणि लोक विसरले. राजुरात ते फक्त ड्रॉइंगचे मास्तर. आता मेल्यावर माणसं भेटायला लागली आहेत, तर आप्पा किती खुलले आहेत ते तू पाहायला हवं होतंस. म्हणून मी अजून ग्रुपवर काही लिहिलेलं नाही. पण नव्या आवृत्तीत ते 'कै.' काढायला ओंकारला सांग. एक अक्षर आणि एक टिंब आहे, काढायला कष्ट नाहीत. त्याला असं कोणी सांगितलं, ते मी विचारत नाही.

फेब्रुवारीत नगरला वाचकांनी आप्पांची श्रद्धांजली सभा ठेवली आहे. आप्पा जायचं म्हणून हटून बसलेत. आमंत्रण नसलं तरी कार्यक्रम माझाच हाय, म्हणतात. कोणाला दोन शब्द बोलायचेत का, असं विचारलं की घोंगडी डोक्यावर घेऊन उठायचं, व्यासपीठाकडे चालत जायचं आणि तिथे घोंगडी खाली टाकायची, असं ठरलंय. आरशापुढे तालीम चालू आहे. आता कळू दे लोकांना, म्हणतात, खेळ लई झाला. तू येशील का? तू शेजारी असलास तर त्यांचा पाय लटपटणार नाही.

कळावे. जेवणखाण वेळेवर करत जा.

तुझी,
अक्का


राजूर, ता. अकोले
२३ मार्च २०२५

ज्ञानेश्वर,

पत्राच्या माथ्यावर रिकामी जागा दिसेल. घाईत राहून गेलं असं समज आणि पुढे वाच.

मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. इकडे ऊन तापायला लागलं आहे. आंब्याला मोहर बरा होता, वाऱ्यानं बराचसा गेला. केशरबाईनं पापड घातले, त्यातले तुझ्यासाठी म्हणून काढून ठेवले आहेत. दर वर्षी काढते, तशीच सवय आहे तिला.

सभेला गेलो होतो आम्ही. आप्पांनी इस्त्रीचं धोतर नेसलं, आपली जुनी काळी घोंगडी घेतली. एसटीत खिडकीजवळ बसून लग्नाला निघाल्यासारखे बोलत होते. हॉल भरलेला होता. मागच्या ओळीत तीन खुर्च्या मिळाल्या. तिसरीवर त्यांनी घोंगडी टाकून ठेवली. कोणी विचारलं की सांगायचे, आमचा मुलगा येतोय.

आप्पांचा फोटो त्या लोकांकडे नव्हताच. त्यांनी पाठमोऱ्या बहाद्दरचं चित्र मोठं करून त्यालाच हार घातला होता. त्यामुळे आप्पांना कोणी ओळखण्याचा प्रश्न नव्हता. एका मुलीनं तर त्यांना पाणी आणून दिलं आणि विचारलं, आजोबा, तुम्हीपण वाचायचात का?

सुरुवातीला चेहऱ्यावरून आणि चार पानी भाषणावरून वादावादी झालीच. आप्पा खूश होते. मग जालिंदर बोलायला उभा राहिला. सांगत होता, बाप पिऊन आला की मी गोणपाट डोक्यावर घ्यायचो आणि बहाद्दर व्हायचो, मग मार लागायचा नाही. "त्या मानसानं मला जगवलं," म्हणाला, "आन म्या एकदाबी त्याला भेटाया गेलो न्हाई." एवढं बोलला आणि तिथेच रडायला लागला. आप्पांनी माझं मनगट धरलं. आता, म्हणाले. घोंगडी उचलून डोक्यावर घेतली आणि अर्धे उठलेसुद्धा.

तेवढ्यात ओंकारनं माइक घेतला. ज्ञानू, त्याचा काही दोष नाही, त्याला जे सांगितलं गेलं ते तो मनापासून बोलला. तो म्हणाला, मास्तरांनी अखेरच्या क्षणी मुलाचा हात हातात घेतला आणि सांगितलं, माझ्यामागे बहाद्दरला सगळ्यांनी लिहा. हे मला ज्ञानेश्वरनं स्वतः सांगितलं आणि सांगताना त्याला रडू आवरत नव्हतं. म्हणून हे पुस्तक होऊ शकलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा होते तसेच, अर्धे उठलेले, थोडा वेळ राहिले. मग खाली बसले. घोंगडी डोक्यावरून काढून मांडीवर घेतली आणि तिची घडी करायला लागले. मी उठणार होते. सगळं ओरडून सांगणार होते, खरंच. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि नुसती मान हलवली.

शेवटी दोन मिनिटं शांतता पाळली. सगळे उभे राहिले. मला उभं राहवेना. आप्पा मात्र उभे राहिले, हात जोडून, मान खाली घालून.

परतताना संगमनेर मागे पडेपर्यंत ते मांडीवरची घोंगडी धरून खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "सांगताना रडला म्हन्ला का गं त्यो?"

मी हो म्हटलं.

"मंग ठीक हाय. म्या उठलो असतो तर पोरगं चारचौघात खोटं पडलं असतं."

मला राग आला होता तुझा, अजून आहे. तुला पुस्तकच हवं होतं तर त्यांचे पाय धरायचे होतेस, चार वेळा यायचं होतंस. पाचव्या वेळी ते हो म्हणाले असते, तुझ्यापुढे कधी टिकलेत ते? एवढी वाट पाहायचा तुला कंटाळा आला आणि तू बाप मारलास. जिवंत माणसाचे शेवटचे शब्द रचलेस. हे फोनवर मला बोलता आलं नसतं.

त्या दिवसानंतर आप्पांनी 'आज कोण रडलं' हे विचारणं बंद केलं. मी एकदोनदा ग्रुप उघडून बसले, तर म्हणाले, ठेव ते, आता संपलं त्यांचं रडून. पेन्सिल हातात धरेनात. जेवण चिमणीएवढं झालं. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वय झालंय, बाकी काही नाही.

सोमवारी दुपारी आप्पा गेले. मी ताट वाढून हाक मारायला गेले तेव्हा खुर्चीत होते.

तुला कळवलं नाही. मला कळवायचं होतं, पण आदल्या आठवड्यातच त्यांनी बजावून ठेवलं होतं. "ज्ञानूला बोलवू नको. लोकं इचारतील त्याला, तुझा बाप किती येळा मरतोय." हे बोलताना थोडं हसले. ते शेवटचं हसणं. अग्नी चुलतभाऊ महेंद्रनं दिला. गावातली माणसं होती, बाहेरचं कोणीही नव्हतं.

राहवलं नाही म्हणून जालिंदरला फोन केला. भिमाजी मास्तर आज गेले, म्हटलं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, ताई, मास्तर कवाच गेले, सभाबी झाली आमची, तुमी कोन बोलताय? मी आप्पांची मुलगी आहे, असं तोंडावर आलं होतं. तेवढं सांगितलं असतं तर तो पहिल्या एसटीनं हार घेऊन आला असता. पण मग तुझं नाव निघालं असतं, आणि त्यासाठीच तर ते खाली बसले होते. कोणी नाही, म्हटलं, आणि फोन ठेवला.

दहावा बुधवारी आहे. हे पत्र मी त्यानंतर पेटीत टाकणार आहे, म्हणजे तुला धावपळ नको. आणि ते 'कै.' आता असू दे, काढायला सांगू नकोस.

माथ्यावर श्री का घातला नाही ते कळलं असेल. असलं पत्र घरात ठेवत नाहीत. वाचून झालं की रीतीप्रमाणे फाडून टाक.

तुला आशीर्वाद लिहायला माझा हात उठत नाही. आप्पांचा आहे, तेवढा मात्र पोचता करायला त्यांनी सांगितलं होतं. तो घे.

अक्का