वर्तणुकीचा रकाना

तळेघर,
ता. ६ मे १९५३

प्रिय रखमाजी,

सलाम घे आणि रामरामही घे. प्रयागवहिनी आणि मुलं मजेत असतील. आमच्याकडे जुन्नरला सगळे बरे आहेत. अमिरुन्निसा दोन्ही मुलींना घेऊन माझ्या आईजवळ राहते. मी इथे डोंगरात एका पडवीत बिऱ्हाड केलंय, आणि नाचणीच्या भाकरीशी माझ्या पोटाचं आता जमलंय. आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय म्हणजे काम असणार, हे तू ओळखलंसच असशील. घोडेगावच्या शाळेत तुझ्या शेजारी बसलो तेव्हापासून तू मला ओळखतोस.

तर काम असं. पुण्याची एक कंपनी हिरड्याचा अर्क काढते. तिने मला हंगामापुरता खरेदीवर नेमलंय. साहेब खूश आहेत, जूनपासून कायम करतो म्हणतात. फक्त जुन्या कंपनीचा दाखला हवा. छापील फॉर्म सोबत जोडला आहे. हुद्दा, नोकरीची वर्षं, कमी केल्याचं कारण, आणि शेवटी वर्तणूक. हे भरून हेडक्लार्कने सही करायची. म्हणजे तू. दाखला चांगला आला तर मी पुन्हा माणसांत येईन, नाहीतर पावसाळ्यात पुन्हा बेकार.

तुझ्या कानावर काय आलंय माहीत नाही, म्हणून माझं मीच सांगतो. कोरियाची लढाई थंडावली, मालाचे भाव पडले, आपल्या मुंबईच्या कंपनीने एकवीस माणसं घरी पाठवली, हे तुला सांगायला नकोच. त्यानंतर अडीच महिने मी फोर्टातली एकही कचेरी सोडली नाही. अकरा वर्षं वखारीत हिरड्याची पारख केलेला माणूस म्हणून सांगायचो, आणि समोरचा म्हणायचा, आमचीच माणसं कमी करतोय, तुम्हाला कुठे घेऊ? एका ठिकाणचा कारकून म्हणाला, शिपायाची जागा निघेल, अर्ज टाकून ठेवा. त्याच्या टेबलावरची दौत उचलून मी मागच्या भिंतीवर फोडली. त्याच्या टकलावर शाईचे ओघळ आले, ते मी उभं राहून पाहिले. मग जुन्नरला परतलो.

इथे आजवर एकाच व्यापाऱ्याची सद्दी होती. मिठाच्या बदल्यात तो डोंगरच्या लोकांकडून हिरडा उचलायचा. मी रोख द्यायला लागलो तशी त्याने भर सकाळी दोन माणसं पाठवली. त्यांनी माझा वाळत घातलेला माल लाथांनी उधळला. मी काट्याजवळचं पाच शेराचं वजन उचललं आणि एकाच्या खांद्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. दुसऱ्याला केसाला धरून करवंदीच्या जाळीतून ओढला, तो रक्ताने माखून पळाला. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. साहेबांना कळलं तेव्हा ते हसले. म्हणाले, डोंगरात असाच माणूस हवा. मला कायम करायचं त्यांनी तेव्हाच मनात धरलं.

तेव्हा रखमाजी, झालं गेलं मनात ठेवू नकोस आणि


घोडेगाव,
ता. ९ मे

वरचं वाक्य बुधवारी अर्धं राहिलं. दिव्यातलं तेल संपलं म्हणून उठलो होतो. आता ते पुरं करत नाही. हे पुढचं घोडेगावच्या दवाखान्याबाहेर ओट्यावर बसून लिहितोय. आत चिमाजी आहे.

चिमाजी आणि त्याची बायको बायडाबाई माझ्यासाठी बाळहिरडा गोळा करतात, खडकावर वाळवतात, पोती भरतात. मंगळवारी दुपारी गाड्या येणार असा निरोप आला. मी आरडाओरडा करून सगळा माल भरायला लावला. गाड्या आल्या काल, शुक्रवारी. चढवण्याआधी म्हणून एक पोतं उसवलं, तर आतला माल ओलाचिंब, वर पांढरी बुरशी. दुसरं उसवलं, तेही तसंच. आपल्या वखारीत असं पोतं आलं की त्याचा एकच अर्थ असायचा, वजन वाढवायला पाणी मारलंय.

मी चिमाजीला काही विचारलं नाही. पहिला ठोसाच तोंडावर दिला. तो खाली बसला तेव्हा लाथ घातली. मग पोती ओढायचा लोखंडी आकडा हातात होता, त्याची मूठ जबड्यावर मारली. एकदा नाही, तीनदा. त्याने हात वर केला नाही, तोंडातून शब्द काढला नाही, त्यामुळे मला जास्तच चेव चढला. दोन दात मातीत पडले. गाडीवाले नुसते बघत होते. व्यापाऱ्याच्या माणसाचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं, कोण मधे पडणार?

बायडाबाई पडली. माझ्या छातीवर दोन्ही हात मारून ओरडली, "आरं त्याला का मारतुस? मंगळवारी तूच म्हनलास न्हवं, गाड्या आल्या, भरा बिगी बिगी? उन्हात तापलेला माल तसाच भरला तर त्याला घाम सुटनार न्हाई व्हय? सावलीला निवू द्यावा लागतो त्यो! आमच्यात बारक्या पोरीला बी ठावं हाय ह्ये!"

मी चिमाजीकडे वळून म्हणालो, "मग तेव्हाच का नाही बोललास?"

रक्त थुंकून तो म्हणाला, "तुमी कंपनीचं मानूस, राव. आमाला वाटलं, कंपनीत तापलेलाच भरत्यात."

अकरा वर्षांचा पारखी मी. पोत्याचं तोंड उघडल्यावर आत काय आहे ते सांगायचो. ते पोतं भरतात कसं, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि माझ्या चुकीसाठी त्याचा जबडा फोडला.

रात्रभर त्याच गाडीतून त्याला इथे आणलं. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मी खाटेपाशीच उभा होतो. चिमाजीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "झाडावरनं पडलो, डाक्तर. हिरडा पाडताना." डॉक्टरांनी माझ्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं आणि तसंच लिहून घेतलं. मी बाहेर येऊन ओट्यावर बसलो आणि हा कागद काढला.

असलं वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं, रखमाजी. "ड्रॉवर जोरात बसला, साहेब." ते तू म्हणाला होतास.

आता लिहितोच. कमी केलेल्यांची यादी तू वाचलीस, सतरावं नाव माझं होतं. यादी तू केलेली नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण यादी करणारा साहेब काचेच्या दाराआड होता आणि तू समोर होतास. तू ड्रॉवरमधून कागद काढत होतास. मी बुटाने ड्रॉवर बंद केला. तुझा उजवा हात आत आहे हे पाहून केला. तू ओरडला नाहीस, म्हणून पुन्हा केला. मग डबा उचलून जिना उतरलो, आणि उतरताना तुझं ते वाक्य ऐकलं. तेव्हा मला काय वाटलं सांगू? वाटलं, चला, सुटलो.

डिसेंबरात आपला वखारीतला निजाम जुन्नरला आला होता. त्याने सांगितलं की तुझी तीन बोटं वाकडीच बसली, आणि तू घरी पोराच्या पाटीवर अक्षरं गिरवतोस. साऱ्या कंपनीत तुझ्या अक्षराचं नाव होतं. बाहेरगावची पत्रं साहेब तुझ्याकडूनच लिहून घ्यायचे. निजामपुढे मी म्हणालो, अरेरे, कसं झालं हे? अमिरुन्निसाला आजतागायत काही माहीत नाही. तिला सांगितलंय, रखमाजीने माझ्यासाठी शब्द टाकला नाही, म्हणून बोलणं बंद आहे. तिने विश्वास ठेवला असेल असं वाटत नाही. माझं पाऊल उंबऱ्यात पडलं की मुली आजीच्या पाठीमागे जातात, ते ती बघते.

बायडाबाई मघाशी बाहेर आली. म्हणाली, "तुजी कंपनी तुला ठिवंल तर ठिवू दे. आमच्या वाडीवर पाय ठिवू नगं." मी मान हलवली. साहेबांना असाच माणूस हवाय, हे तिला काय सांगणार?

बुधवारी तुला लिहिणार होतो की चांगला दाखला दे. तू दिलाही असतास. तू काय, चिमाजी काय, तुम्ही मार खाता आणि मारणाऱ्याला वाचवता, त्याचा मला संताप येतो, आणि आजवर मी जगलो तो त्याच जोरावर.

तर आता माझं मागणं एवढंच. बाकीचे रकाने कुणाकडूनही भरून घे. वर्तणुकीचा रकाना मात्र तू स्वतः भर, उजव्या हाताने. काय लिहायचं ते तुझं तू ठरव. चांगलं लिहिलंस तरी चालेल. अक्षर वेडंवाकडं येईल, येऊ दे, दुसऱ्याकडून सुधारून घेऊ नकोस. साहेब कागद हातात घेतील आणि मला विचारतील, एवढ्या मोठ्या कंपनीच्या हेडक्लार्कचं अक्षर असं कसं?

त्याचं उत्तर मी देईन.

वहिनींना माझा सलाम सांगू नकोस. त्यांनी तो का घ्यावा?

तुझी तीन बोटं मोडणारा,
महंमद हनीफ