कोणता हात जास्त दुखते?

३ मार्च १९७१, बुधवार
गाठी गेल्या! दोन्ही दंडांवरच्या, लिंबाएवढ्या! बुलढाण्याचा डॉक्टर म्हणे, "आजी, नुसती चरबी हाय." चरबी! जलमभर भाकर अन् ठेचा खाल्ला, चरबी आली कुठून?

उजवी गाठ आत चिकटून बसली होती — लांब चीर दिली, खरडून काढली, टाके घातले. डावी बोटाखाली सरके. तिले एवढीशी चीर अन् दोन अंगठ्यांनी दाबली — चिंचोका सुटावा तशी टुणकन बाहेर! मी हासलीच.

आता चौदा तारखेले नातीचं बारसं. पाळण्यावरून लेकरू मीच देणार, या दोन हातांनी!

५ मार्च
उजवा ठणकून राह्यला. डाव्याले जसा डास चावला.

सून कोकिळा बाळंतिणीच्या बाजेवरून इचारे, "आत्याबाई, कोणता हात जास्त दुखते?"

"कोणताच नाही व!"

खरं काऊन सांगू? मायं पोरगं रामराव लगेच म्हणीन, लेकरू आईच्या हाती देऊ नका, वडनेरच्या ईनबाईले, कोकिळाच्या मायले, देऊ द्या. मंग त्या झुंबरबाई दुसऱ्या बारशापर्यंत तेच सांगत बसतील!

८ मार्च
कोकिळानं आजही इचारलं. सुईची आग किती झाली? चीर देतानी समजते का? झोप लागते का? डोळ्यांत पाणी तिच्या! अशी सून कोणाले भेटते! शेजारच्या विमलबाईले सांगतलं. ती म्हणे, "मायी तर मले मेली का जिती तेही इचारत नाही." कशी इचारीन? हिनं तिले लग्नात लुगडं कोणतं नेसवलं होतं, अख्ख्या गावाले ठाऊक हाय!

१० मार्च
टाके निघाले. डावा हात तर मी विसरलीच.

उजव्यानं कळशी उचलली — डोळ्यापुढं काजवे! तरी गोधडीची गुंडाळी करून पाळण्याखालून, पाळण्यावरून फिरवून पाह्यली. रामराव दारात उभा! "आई, गोधडीचं बारसं हाय का?"

हासता हासता कळ आली. तोंड दाबून हासली.

१३ मार्च
कोकिळानं दार लावलं. पाठीवरून चोळी वर केली. गाठ! लग्नाच्या आधीपासूनची! "याच्यातच मरीन वाटे, आत्याबाई. कोणाले सांगतलं नाही. आता खरं सांगा, दुखते का?"

सांगतलं खरं. उजवा अजून ठणकते, लेकरू काही उचलणार नाही. डावा दुखलाच नाही. उद्या देवोत ईनबाई पाळण्यावरून, मी खालून डाव्या हातानं घेईन.

मंग तिच्या गाठीवर बोट ठेवलं. हळूच दाबलं.

सरकते! "कोकिळा, डाव्यासारखी हाय व ही! डाव्यासारखी!"